टोमॅटो-मिरची रोपं, दिवस ३४: वरून ओलं आणि आत ठणठणीत कोरडं

तर अपडेट, परवा संध्याकाळी १२ टोमॅटो एकदाचे वाफ्यात गेले. मिरच्या अजून कुंडीतच आहेत, त्यांची पानं आत्ता कुठे धरतायत, असू दे.

आधी मागच्या बॅचचा घोळ सांगते. तेव्हा लावायच्या पाच मिनिटं आधी झारीने भरपूर पाणी घातलं, खालून निथळलं पण, म्हटलं झालं काम. कुंडी उलटी केली तर वरचा बोटभर थर चिखल आणि त्याखाली कोकोपीट (मातीऐवजी वापरतात तो नारळाच्या काथ्याचा चुरा) अगदी भुसा, सगळा गोळा हातातच फुटला आणि मुळं उघडी लोंबकळायला लागली. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं ना की लवकर पाणी धरतच नाही, पाणी कुंडीच्या कडेकडेने खाली पळतं आणि आपल्याला वाटतं रोप पोटभर प्यायलं. ५ रोपांनी दुसऱ्या दिवशी माना टाकल्या, त्यातली ३ गेलीच.

म्हणून यावेळी झारीला हातच लावला नाही. दुपारी ३ ला पसरट टबात दोन बोटं पाणी घेतलं आणि सगळ्या कुंड्या त्यात बसवल्या, पाणी खालच्या भोकांतून वर चढत जातं, साधारण अर्ध्या तासाने वरची माती काळपट दिसायला लागली की काढायच्या. उचलून बघा, आधी रिकाम्या कपासारखी हलकी लागणारी कुंडी नंतर चांगली जड लागते, मला तरी बोट खुपसून बघण्यापेक्षा हेच जास्त खात्रीचं वाटतं.

पण लगेच लावायचं नाही हं! एक कुंडी मी उतावळेपणाने तशीच निथळती काढली तर गोळा लगद्यासारखा बसला, खालची मुळं तुटली. बाकीच्या ११ दोन-अडीच तास निथळू दिल्या, मग देठाभोवती दोन बोटं धरून कुंडी उलटी केली, बुडावर एक टिचकी, की अख्खा गोळा बाहेर, कडेने पांढऱ्या मुळांची जाळी, एक कण सांडला नाही. फार भारी वाटतं ते.

खड्ड्यातही आधी पाणी ओतून जिरू दिलं, कारण भोवतीची माती कोरडी असेल तर ती गोळ्यातलंच पाणी ओढून घेते, मग आपण कितीही भिजवलेलं असो. टोमॅटो खालची पानं खुडून खोल लावले, पुरलेल्या देठाला मुळं फुटतात. मिरची मात्र कुंडीत होती तेवढ्याच खोलीवर लावणार.

आज दुपारच्या उन्हात बघून आले, ११ ताठ उभी आहेत. बारावं, तेच उतावळेपणातलं, मान खाली घालून बसलंय, त्याला सावलीला एक जुनी टोपली पालथी घातलीये. उद्या सकाळी उचलून बघते.