‘ईसीएम गेलाय’ म्हणाले, निघाला रबरी पाइप

चेक इंजिनचा दिवा लागला आणि सिग्नलला गाडी थरथरायला लागली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आतच सांगून टाकलं, "साहेब, ईसीएम गेलाय." ईसीएम म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर. नव्याची किंमत ऐकल्यावर म्हटलं, आधी त्या ईसीएमलाच विचारू काय होतंय ते.

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट, म्हणजे गाडीचा बिघाड तपासायची जोडणी, असते. त्यात ब्लूटूथवाला स्वस्तातला स्कॅनर लावला. मोबाइलवर कोड आला पी०१७१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. हा कोड दिसला की बरेच जण थेट ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे होतात. पण कोडवरून नुसती तक्रार कळते, कारण शोधायचं काम आपलंच.

माझ्या गाडीत एअर फिल्टरनंतरचा सेन्सर हवा मोजतो. आत एक तापलेली तार असते. हवेने ती जितकी गार होईल, तितका करंट जास्त लागतो. १४.७ ग्रॅम हवेला १ ग्रॅम पेट्रोल, असा साधारण हिशेब धरून ईसीएम इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडतो. मग एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर उत्तर तपासतो. व्होल्टेज ०.४५च्या खाली गेलं तर पेट्रोल कमी, वर गेलं तर जास्त. त्यावरून ईसीएम जी दुरुस्ती करतो ती ‘फ्युएल ट्रिम’ म्हणून टक्क्यांत दिसते; अधिक म्हणजे पेट्रोल वाढवलं, उणे म्हणजे कमी केलं.

खरी गंमत या ट्रिममध्येच होती. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि पाय रेसवर नसताना, अधिक २२ टक्के, आणि २५०० आरपीएमवर रेस धरली की जेमतेम ४. फ्युएल पंप कमजोर असता तर उलट झालं असतं, रेसबरोबर टंचाई वाढली असती. इथे थ्रॉटलच्या (रेस दिल्यावर उघडणारी हवेची झडप) पलीकडून, न मोजलेली हवा आत शिरत होती. आयडलला थ्रॉटल जवळपास बंद आणि व्हॅक्युम जोरात, म्हणून तेव्हाच ती जास्त जाणवते.

इंजिन चालू ठेवून पाइपांच्या जोडांवर कार्ब क्लीनरचे बारीक फवारे मारले. (तापलेल्या एक्झॉस्टपासून लांबच, ते पेट घेतं.) पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनातले वायू परत हवेच्या वाटेत नेणाऱ्या, पाइपापाशी इंजिनाचा आवाज एकदम बदलला; फवारा तिथून आत ओढला जात होता. पाइप काढून वाकवला, तर कोपराखाली, वरून दिसणारच नाही अशी चीर.

नवा पाइप बसवला. कोड मुद्दाम पुसला नाही, ईसीएम स्वतः कसा सावरतो ते बघायचं होतं. चालवता चालवता ट्रिम उतरत ३ वर आला आणि पुढे कधीतरी दिवाही आपोआप विझला. गॅरेजवाले कोड पहिल्यांदा पुसतात, तेवढं मात्र करू देऊ नका. बिघाडाच्या क्षणीचे आकडे, म्हणजे फ्रीझ फ्रेम, त्याबरोबरच जातात.