तुम्ही विचारलंत म्हणून: ऑडिटच्या जागेला अर्ज करावा का?

लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, एकदा तर तेराव्याच्या जेवणात हा प्रश्न मला गाठतो. "मॅडम, तुमच्याकडे ऑडिटरच्या जागा निघाल्यात म्हणे. पोराचं बी.कॉम. झालंय. भरू दे का फॉर्म?" एका महानगरपालिकेच्या लेखापरीक्षण विभागात मी पंचवीसहून जास्त वर्षं काढली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. विचारणाऱ्याला "भरा की" एवढंच ऐकायचं असतं, आणि पंगतीत तेवढंच बोलता येतं. पण परवा सख्ख्या भाचीने विचारलं, तेव्हा जीभ अडखळली. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

आधी हे बघा की जागा कुठल्या ऑडिटची आहे. लोक सगळं एकाच पिशवीत कोंबतात. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक म्हणजे 'कॅग', त्यांच्या मुंबई-नागपूरच्या कार्यालयांत लेखापरीक्षक व्हायचं तर स्टाफ सिलेक्शन कमिशनची पदवीधरांची परीक्षा द्यावी लागते. आपल्या मुलांचं तिकडे फारसं लक्षच नसतं, हे मला कायम खटकत आलंय. दुसरं खातं राज्याच्या वित्त विभागाचं, स्थानिक निधी लेखापरीक्षा. १९३० च्या कायद्याखाली ते जिल्हा परिषदा, नगरपालिका, ग्रामपंचायती तपासतं. हे दोघेही बाहेरून येणारे. येतात, तपासतात, जातात. तिसरं ऑडिट घरातलं. महापालिकेचा स्वतःचा लेखापरीक्षण विभाग असतो, महावितरणसारख्या कंपनीत अंतर्गत लेखापरीक्षण असतं. ज्यांच्याबरोबर डबा खायचा, त्यांचीच बिलं तपासायची. मी ह्या तिसऱ्यातली.

फॉर्म भरणारे पगार आणि पेन्शन विचारतात. माझी नेमणूक नोव्हेंबर २००५ च्या आधीची, म्हणून मला जुनी पेन्शन मिळते. आता लागणाऱ्यांचं गणित वेगळं आहे, ते त्यांनी नीट बघावं. पण एक गोष्ट अजून कुणीच मला विचारलेली नाही. तुम्ही लिहिलेला अहवाल वाचणार कोण?

महापालिकेचं उदाहरण घ्या. १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतो की मुख्य लेखापरीक्षकाने दर आठवड्याला हिशेब तपासावेत आणि अहवाल नगरसेवकांच्या स्थायी समितीला द्यावा. आयुक्तांना नव्हे, स्थायी समितीला. कारण खर्च करतं प्रशासन, मग खर्चातली खोट दुसऱ्या कुणापुढे तरी मांडली गेली पाहिजे. कायदा करणाऱ्यांनी हे फार शहाणपणाने केलंय. पण २०२२ पासून पुढे काही वर्षं राज्यातल्या बहुतेक महापालिकांत नगरसेवकच नव्हते. आयुक्त हेच प्रशासक आणि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच. म्हणजे ज्यांच्या कारभारावर अहवाल लिहायचा, तो सादरही त्यांनाच करायचा. माझी शेवटची वर्षं त्यात गेली. आमचे साहेब म्हणायचे, "आपण आता पोस्टमन नाही, आरसा झालोय." आरशाचं काय असतं, नको तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून ठेवता येतो.

अर्जाकडे वळते, कारण माझ्या ओळखीतली अर्धी मुलं परीक्षेत नाही, कागदांत पडली. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र आहे पण मुदत संपलेली. शेवटच्या वर्षाचा निकाल अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर लागलेला. एमएस-सीआयटी "करतोय". गुणवत्ता यादीत नाव येतं, पेढे वाटले जातात, आणि कागदपत्रं तपासायच्या दिवशी टेबलापलीकडचा माणूस नुसती मान हलवतो. ऑडिटच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्याने स्वतःचेच कागद आधी ऑडिटरच्या नजरेने बघू नयेत, ह्याचं मला हसू येतं आणि वाईटही वाटतं.

बायकांचा तर वेगळाच फेरा. माझी दहावी-बारावी-पदवी माहेरच्या नावाने, रेशन कार्ड सासरच्या नावाने, आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर सासऱ्यांनी हौसेने बदललेलं पहिलं नाव. एकाच बाईच्या तीन बायका. राजपत्रात नावबदल छापून येईपर्यंत माझी पहिली जाहिरात हातची गेली. दुसरीच्या वेळी मी सगळी सर्टिफिकेटं तारखेच्या क्रमाने लावली, वर एक सूची केली आणि प्रत्येक झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही घेतली. तेव्हा ती लागायची. त्यासाठी तालुक्याला तीन खेपा झाल्या. आता स्वसाक्षांकन चालतं. मुलींना एक नक्की सांगते: जातीचं प्रमाणपत्र सहसा वडिलांकडून येतं, नवऱ्याकडून नाही, आणि नॉन-क्रिमीलेयरला आईवडिलांचं उत्पन्न धरतात, नवऱ्याचं नाही. लग्न झालेल्या कित्येकजणी नवऱ्याचा पगार बघून फॉर्मच भरत नाहीत.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन आणि विषयाचा भाग, सगळं संगणकावर. क्लासवाले सांगतातच. विषयासाठी मात्र गाईड सोडून एकदा मुंबई वित्तीय नियम, १९५९ उघडा. सरकारी पैसा खर्च करताना सामान्य शहाण्या माणसाने स्वतःच्या पैशाबाबत घ्यावी तेवढी दक्षता घ्यावी, अशा अर्थाचं तत्त्व त्यात आहे. आमच्या अर्ध्या आक्षेपांचं मूळ ह्या एका वाक्यात असतं. (ते लिहिणाऱ्याने सामान्य शहाण्या माणसाच्या घरचं लग्न पाहिलेलं नसावं.)

माझ्या वेळी तोंडी मुलाखत होती. समितीवरच्या एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, "रोकडवही रोज का लिहायची? शनिवारी बसून आठवड्याची एकदम लिहिली तर?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं: दैनंदिन शिल्लक, पडताळणी, वगैरे. ते हसले. "बाई, बुधवारचं खरं शनिवारी आठवत नाही. सोयीचं तेवढं आठवतं." पुढच्या सगळ्या नोकरीत रोकडवही उघडली की मी आधी शाई बघायची. सहा दिवसांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच ओघात लिहिलेल्या दिसल्या की तिथेच थांबायचं.

आमच्याकडे आक्षेप आधी अर्धसमास पत्राने जातो. नाव भारदस्त, वस्तू साधी. कागद उभा दुमडायचा, एका बाजूला आपण आक्षेप लिहायचा, दुसरी बाजू कोरी सोडायची. तिथे समोरच्याने खुलासा लिहायचा. खुलासा पटला तर तिथेच मिटलं, नाही तर परिच्छेद होऊन अहवालात जातं. मग अनुपालन, म्हणजे चूक दुरुस्त केल्याचं त्यांचं उत्तर, मग पुन्हा शेरा. दहा-दहा वर्षं प्रलंबित राहिलेले परिच्छेद मी पाहिलेत. ज्याने खर्च केला तो निवृत्त, ज्याने आक्षेप घेतला त्याची बदली, आणि कागद मात्र जिवंत.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी पाण्याच्या टँकरची लॉगबुकं माझ्याकडे आली. एक टँकर अकरा दिवस वर्कशॉपमध्ये उभा होता, आणि त्याच अकरा दिवसांत त्याच्यावर दोनदा डिझेल भरल्याची नोंद, चाळीस-चाळीस लिटर. मला केवढा आनंद झाला! पहिलीच शिकार. रात्री घरी नवऱ्यालाही सांगितलं. पत्र काढलं. कोऱ्या बाजूला एका ओळीचा खुलासा आला: "संबंधित वाहनचालकाकडून वसुली करण्यात येत आहे." वसुली झाली, परिच्छेद वगळला गेला, माझ्या नावावर एक निकाली आक्षेप जमा. त्या लॉगबुकात दर महिन्याच्या शेवटी तपासल्याची सही एका अधिकाऱ्याची होती, डिझेलच्या चिठ्ठीवर दुसऱ्याची. त्या दोघांना कुणी काहीच विचारलं नाही, कारण मी माझ्या पत्रात तसं विचारलंच नव्हतं. ड्रायव्हरचे पगारातून हप्ते कापले गेले. तो पुढे कितीतरी वर्षं गेटवर मला "नमस्कार मॅडम" म्हणायचा, अगदी मनापासून, आणि मला मान वर करवायची नाही. डिझेल त्याने घेतलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. तेव्हापासून आक्षेपाची पहिली ओळ मी रकमेची लिहिली नाही. कागदावर सही कुणाकुणाची आहे, ती पहिली ओळ.

हे सांगितलं की भाची म्हणाली, "म्हणजे लोक तोंडावर गोड आणि मागे शिव्या, असंच ना?" तसंही नसतं गं. पूर्वलेखापरीक्षणाला, म्हणजे पैसे देण्याआधीच्या तपासणीला, बिलं आमच्याकडे यायची तेव्हा मार्चअखेरीला कॉरिडॉरमध्ये ठेकेदारांची जत्रा भरायची. एकतीस तारखेच्या रात्री अकरा वाजता कुणी वडापाव आणायचं, कुणी देवीचा प्रसाद. वडापाव परत करता येतो, प्रसाद कसा करणार? मी तो घ्यायची आणि बिलावर शेरा लिहायची: "मोजमाप पुस्तिका जोडलेली नाही." म्हणजे झालेलं काम मोजून लिहिल्याची वही. प्रसाद देणारा हिरमुसायचा, पण दोन दिवसांनी पुस्तिका घेऊन यायचा. निविदा काढायला लागू नये म्हणून एकाच कामाचे चार तुकडे करून प्रत्येक तुकडा मर्यादेच्या जरा खाली ठेवलेला असायचा, तेव्हा मात्र प्रसादाचा डबा मोठा असायचा. आमच्या विभागात कुठल्याही बिलाची जाडी डब्याच्या आकारावरून ओळखणारे शिपाई होते, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकायचा नाही.

एकटेपणा मात्र आहे. हळदीकुंकवाला लेखा विभागातल्या बायका बोलवायच्या, पण मी आत गेले की बोलणं साड्यांवर यायचं. सहकाऱ्यांच्या घरच्या गोष्टी मला सगळ्यांत शेवटी कळायच्या. ज्याला ऑफिसात चार जिवाभावाची माणसं हवीत, त्याने लेखा विभागात अर्ज करावा, तिथे मजा असते. ज्याला दुपारी तीन वाजता जुनी व्हाउचरं उलटताना झोप येण्याऐवजी जाग येते, त्याने आमच्याकडे यावं.

आणि अहवाल कोण वाचतो, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. भाचीने फोनवर अख्खी जाहिरात वाचून दाखवली, त्यात आरक्षण, वयोमर्यादा, परीक्षा शुल्क सगळं होतं, एवढं सोडून. मग तिला सांगितलं की त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर जा आणि माहितीचा अधिकार उघड. २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने सतरा बाबी आपणहून जाहीर करायच्या असतात. कोणत्या पदाची काय कर्तव्यं, निर्णय कसा होतो, कोण कुणाला जबाबदार, हे सगळं त्यात असतं. लेखापरीक्षण विभागाचं पान काढ आणि मुख्य लेखापरीक्षकाच्या वर कुणाचं नाव आहे ते बघ.

योगायोग असा की तिने अर्ज करायला घेतलेली महापालिका माझीच. पाच मिनिटांनी तिचा फोन.

"मावशी, पान सापडलं. पण ह्यात ज्येष्ठ लेखापरीक्षक म्हणून अजून तुझंच नाव आहे गं."

"कागदावर टिपून घे," म्हटलं, "आणि आजची तारीख टाक."