फट भरेल का, हे तुम्ही विचारलंत म्हणून

“बाळंतपणाला वर्ष होत आलं, तरी पोटात अजून दोन बोटं जातात. ही फट भरेल का?” फिजिओथेरपिस्ट म्हणून मला हा प्रश्न सतत विचारला जातो. विचारणाऱ्या बहुतेकींनी आपलं पोट ‘फाटलंय’ असं कुठेतरी वाचलेलं असतं आणि त्या धास्तीने त्या बाळाला उचलायलाही घाबरत असतात. म्हणून मी सुरुवात तिथूनच करते. काहीही फाटलेलं नाही.

छातीच्या हाडापासून थेट ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत स्नायूंच्या दोन उभ्या पट्ट्या असतात. त्यांना मधोमध जोडणारा चिवट, पांढरा पडदा म्हणजे लिनिया अल्बा. गर्भ वाढतो तसा हा पडदा ताणून रुंद होतो आणि स्नायू बाजूला सरकतात. त्यांच्यामधलं हे अंतर म्हणजेच ती ‘फट’. गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत हे जवळपास प्रत्येकीच्या बाबतीत घडतं. मूल न झालेल्या बाईच्या पोटावरही बेंबीच्या वर साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत अंतर असू शकतं, त्यामुळे ‘फट शून्य करायची’ हे ध्येय मुळात धरूच नये. नॉर्वेमध्ये 300 पहिलटकरणींचा अभ्यास झाला, तो 2016 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी त्यांतल्या 60 टक्के जणींमध्ये हे अंतर वाढलेलं होतं, वर्षाने सुमारे 33 टक्क्यांमध्ये. वर्षानंतरही अंतर राहिलेल्या बायकांना कंबरेचं दुखणं इतरांपेक्षा जास्त नव्हतं. ही शेवटची गोष्ट मी प्रत्येकीला सांगते, कारण दिसेल त्या दुखण्याचं खापर या फटीवर फोडलं जातं.

मी तपासते तेव्हा बोटं मोजतेच. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, डोकं थोडंसं वर उचलायचं आणि बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी ठेवून पाहायचं. पण माझं खरं लक्ष बोटांच्या खाली काय लागतं याकडे असतं. दोघींचं अंतर अगदी सारखं असू शकतं. एकीच्या पोटावर बोटांखाली ताणून बांधलेलं कापड लागतं, दुसरीची बोटं मऊ पोटात आत जातात. काम करायचं ते या ताणावर. पुष्कळदा अंतर थोडंसंच कमी होतं आणि तरी बाई मूल कडेवर घेऊन जिना चढते, पाठ धरत नाही, पोट दिवसभर सांभाळलं जातं. मला तरी हे यश वाटतं. रोज सकाळी बोटं घालून मोजणाऱ्या मैत्रिणींनो, ते मोजणं महिन्यातून एकदावर आणा. आठवड्याभरात फरक दिसत नाही आणि उगाच हुरूप जातो.

व्यायामाची सुरुवात श्वासापासून होते, आणि ती इतकी साधी असते की बऱ्याच जणींना त्यात व्यायाम वाटतच नाही. श्वास घेताना बरगड्या बाजूंना पसरू द्यायच्या. सोडताना लघवी रोखून धरतो तसे पेल्व्हिक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे, स्नायू अलगद वर ओढायचे. त्यासोबत बेंबीखालचं पोट आपोआप आत जातं. तेच आपल्याला हवं असतं, कारण पोटाभोवती आडवा फिरणारा सर्वांत आतला स्नायू तेव्हा जागा होतो. श्वास कोंडून पोट आत खेचणं मात्र टाळा, त्याने दाब खाली जातो. हे जमलं की त्याच श्वासावर एक टाच जमिनीवरून सरकवणं, मग दोन्ही पायांवर कंबर उचलणं, मग हातपाय आलटून पालटून लांब करणं, आणि पुढे एका कुशीवरचा प्लँक (कोपरावर शरीर सरळ तोलून धरणं), बैठका, वजन उचलणं. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते: पहिल्या पायरीवर महिनोन्‌महिने अडकून राहू नका. स्नायूला भार मिळाला नाही तर तो ताकद कशी कमावणार?

पुढची पायरी झेपते की नाही, हे पोटच दाखवतं. जोर लावताना पोटाच्या मधोमध उभा फुगवटा आला, किंवा तिथे खड्डा पडला, तर व्यायाम थोडा सोपा करा, श्वास सोडत करून पाहा. तरीही फुगवटा येत असेल तर एक पायरी मागे या. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

क्रंचेसबद्दल, म्हणजे पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलण्याच्या व्यायामाबद्दल, हमखास विचारतात. ‘ते केले की फट वाढते’ ही समजूत फार खोलवर रुजली आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, बाळंतपणानंतर सहा ते बारा महिने झालेल्या बायकांकडून 12 आठवडे डोकं-खांदे उचलण्याचे व्यायाम करून घेतले. अंतर वाढलं नाही, पोटाची ताकद मात्र वाढली. पहिल्या आठवड्यांत मी ते देत नाही, पण ‘आयुष्यभर बंद’ असंही कुणाला सांगत नाही. अहो, अंथरुणातून उठणं हाही अर्धा क्रंचच असतो! सुरुवातीच्या दिवसांत कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठा. बाळाला उचलताना श्वास सोडा. एवढ्याने दिवसभराचा बराच ताण वाचतो.

सिझेरियन झालेल्यांना वाटतं की आपले स्नायूच कापले गेले. नेहमीच्या सिझेरियनमध्ये ते बाजूला सारतात, सहसा कापत नाहीत. श्वासाचा व्यायाम लवकर सुरू करता येतो. भाराचा मात्र टाका भरल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. पोटाच्या पट्ट्याने आधार वाटत असेल तर थोडा वेळ वापरा, पण स्नायूंचं काम पट्टा करत नाही आणि फार आवळलेला तर नकोच.

काही गोष्टींसाठी मात्र थांबू नका. खोकताना किंवा उडी मारताना लघवी होत असेल, खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटत असेल, तर पेल्व्हिक फ्लोअरचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. ‘मूल झालं की असं होतंच’ म्हणून सोसत बसू नका. बेंबीजवळ गोळा येत असेल तर तो हर्निया असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. तो दुखू लागला, कडक झाला, आत जाईनासा झाला किंवा सोबत उलट्या होऊ लागल्या तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. आणि बरेच महिने नेटाने व्यायाम करूनही पोट भार पेलत नसेल, पुढे मूल नको हे ठरलं असेल, तर शस्त्रक्रियेने मधला पडदा शिवून घट्ट करता येतो. तो विचार करणाऱ्या बाईला कुणी ‘दिसण्यासाठी चाललंय’ असं म्हटलं की मला वाईट वाटतं. शस्त्रक्रियेनंतरही श्वासापासूनच सुरुवात करायची असते, त्यामुळे आधी केलेला व्यायाम वाया जात नाही.