पुस्तकातले भोपळे

न्यू जर्सी, २६ ऑक्टोबर

हॅलोविनच्या भोपळ्याला सुरी लावायची नाही, असं लेकीच्या शाळेने यंदाही बजावलंय. पुस्तकातलं एक पात्र निवडायचं आणि भोपळा नुसता रंगवून, चिकटवून सजवायचा. मला पटतं ते. कोरलेला भोपळा आठवड्याच्या आत बुरशी धरतो आणि तोंड वाकडं करून बसतो.

लेकीने ‘शार्लट्स वेब’मधला विल्बर निवडला. १९५२ सालचं पुस्तक, पण इथल्या मुलांना ते डुक्कर अजून घरचंच. सालीवर मेणचटपणा असतो, म्हणून आधी व्हिनेगरच्या पाण्याने पुसून घेतली. गुलाबी थेट फासला की खालचा केशरी डोकावतो आणि विल्बरला कावीळ होते. म्हणून आधी पांढऱ्याचा हात, वर गुलाबीचे दोन. नाकाला अंड्यांच्या खोक्यातला एक खण. मी देठ छाटायला निघाले तर ओरडली, “आई, थांब! ती शेपटी आहे.” भोपळा आडवा केला, तर पीळ पडलेला देठ बरोबर मागे! मला नसतं सुचलं.

तरी डुक्कर काय नि सुरवंट काय, भोपळ्याला सोंगच ते. खुद्द भोपळ्यालाच काम आहे अशा गोष्टी थोड्या. सिंड्रेलाची बग्गी होते. वॉशिंग्टन आयर्विंगच्या १८२०च्या ‘स्लीपी हॉलो’त बिनमुंडक्याचा घोडेस्वार मास्तरांच्या मागे लागतो आणि सकाळी त्यांच्या टोपीशेजारी फुटका भोपळा सापडतो. त्याला डोळे-तोंड कोरलेलं आयर्विंगने कुठेच लिहिलेलं नाही, ते नंतरच्यांनी चढवलं. आणि तिसरी आपली म्हातारी, लेकीकडे तूप-रोटी खाऊन टुणुक टुणुक परत निघालेली. गंमत म्हणजे तिन्हीकडे भोपळा प्रवासातच!

दारातला भोपळा मग मी म्हातारीला दिला. इथे सुरीला मनाई नाही. समोर खिडकी कापली, आत कापडी बाहुली बसवली, तिला कापसाचा अंबाडा आणि खणाच्या तुकड्याची चोळी. निघालेल्या गराचे घारगे करायचा मोह होतो, पण या थोराड भोपळ्यांना चव नसते, नुसतं पाणी. बिया मात्र मीठ-तिखट लावून भाजल्या.

“वाघ कुठंय?” लेकीचा प्रश्न. वाघ नाही, पण खारी आहेत. संध्याकाळपर्यंत एकीने खिडकीची कड कुरतडलीसुद्धा. आता कडेने लवंगी मिरचीची पूड चोळलीये.