बोटीचं लिथियम अपग्रेड, भाग २: बॅटरी बसली, आता चार्जिंग आणि केबल

मंडळी, नर्मदेकाठच्या चाणोदच्या बोटीचं काम बरंच पुढे सरकलंय. जुन्या दोन्ही १५० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण क्षमता) ट्यूब्युलर लेड अ‍ॅसिड बॅटऱ्या निघाल्या, त्यांच्या जागी १२.८ व्होल्ट २०० एएचची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी) बसली आणि १००० वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर केबिनच्या भिंतीवर चढला. ट्यूब्युलर मुळात घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी, उंच, एकेक पन्नास-पंचावन्न किलोची, आणि रोज निम्म्याच्या खाली नेली की लवकर म्हातारी होते, म्हणजे कागदावर ३०० एएच आणि हातात १५०च. नवी पंचवीस किलोच्या आत आणि त्यातले १६० एएच निवांत वापरता येतात. ऐंशीएक किलो वजन उतरलं, उरलं ते पार तळाशी, मधोमध आणि इंजिनच्या कप्प्यापासून लांब ठेवलंय, कारण मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४२-४३ अंश असतं आणि लिथियमला उष्णता अजिबात मानवत नाही. आणि हरणी तलावात जानेवारी २०२४ मध्ये जास्त माणसं भरलेली बोट उलटून शाळकरी मुलं गेली, त्यानंतर बडोद्यात तरी कुणी बोटीतल्या वजनाकडे दुर्लक्ष करू नये असं मला मनापासून वाटतं.

बरेच जण विचारतात की १२ व्होल्टची काढून १२ व्होल्टचीच लावायची तर त्यात एवढं काय. सगळी गोम चार्जिंगमध्ये आहे. लेड अ‍ॅसिड भरत आली की आपणहून करंट कमी घेते, एलएफपीचा इंटर्नल रेझिस्टन्स (करंटला होणारा आतला विरोध) इतका कमी की जवळजवळ शेवटपर्यंत मिळेल तेवढा ओढतच राहते. आपल्या डिझेल इंजिनवर अल्टरनेटर (इंजिनसोबत फिरून वीज बनवणारा) ६५ अँपचा, संगमापाशी बोट हळू चालते तेव्हा त्याला थंड करणारा पंखाही हळूच फिरतो, अशात तासभर फुल लोड दिला तर वाइंडिंग जळायला वेळ लागत नाही. दुसरा धोका त्याहून वाईट, काही कारणाने बीएमएसने (लिथियमच्या आतली संरक्षण यंत्रणा) मध्येच सर्किट तोडलं तर अल्टरनेटरच्या करंटला जायला जागाच उरत नाही, व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड जातात, सोबत लाइनवरचं बाकी इलेक्ट्रॉनिक्सही. म्हणून अल्टरनेटर थेट फक्त इंजिन स्टार्टच्या लेड अ‍ॅसिडला, आणि तिथून पुढे ३० अँपच्या डीसी टू डीसी चार्जरने (एका बॅटरीतून दुसरीत ठरावीकच करंट सोडणारा) लिथियमला. अल्टरनेटरवर साधारण निम्माच भार येतो, आणि बीएमएसने काहीही केलं तरी झटका झेलायला लेड बॅटरी समोर आहेच.

बिल्ज पंपही (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा) त्याच लेड बॅटरीवर ठेवलाय, मेन स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजवर. बीएमएस ट्रिप झालं म्हणून पाणी उपसणं थांबलं, हे कुठल्याही परिस्थितीत चालणार नाही.

सोलरला जुना पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर काढून एमपीपीटी (पॅनलमधून जास्त वीज काढणारा) लावला, १४.२ व्होल्ट सेट केलं, इक्वलाइझ (लेड अ‍ॅसिडसाठीचं मुद्दाम जास्त व्होल्टेजचं चार्जिंग) बंद. ते चालू राहिलं तर व्होल्टेज १५च्या वर जातं, तेवढं आवर्जून बघा.

आता केबल. १००० वॅट म्हणजे इन्व्हर्टरची एफिशियन्सी नव्वद टक्के धरली तर १२ व्होल्टला ९३ अँप. बॅटरी ते इन्व्हर्टर जाऊन-येऊन चार मीटर तांबं आहे, १६ स्क्वेअर एमएममध्ये जवळपास ०.४ व्होल्ट वाटेतच जातात, ३५मध्ये ०.२च्या आत. ३५ची टिन केलेली घेतली, महाग पडली पण पावसाळ्यातली दमट हवा साधं तांबं हिरवं करून टाकते. दांडिया बाजारातले आमचे इलेक्ट्रिशियन काका म्हणाले, अरे लगला सोल्डर मारून देतो, पक्कं होईल. (लग म्हणजे केबलच्या टोकाला बसणारी कडी.) काकांना समजावलं की सोल्डर तारांमध्ये आत चढतो, तिथे केबल कडक होते आणि इंजिनच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. मग लग दाबून बसवायचा हायड्रॉलिक क्रिंपर आणला, वर गोंदवाली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी), आणि काकांनीच सगळे लग इतके सुंदर दाबून दिले की बघत राहावं.

फ्यूज १२५ अँपचा क्लास टी, पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँप सोडते, साधा फ्यूज वितळला तरी आत आर्क (ठिणगीतून वाहणारा करंट) चालूच राहू शकतो, क्लास टी २०,००० अँपपर्यंत तोडतो. इथे कंजुषी नको.

शंट मॉनिटरही लावलाय. एलएफपीचं व्होल्टेज ऐंशी टक्क्यांपासून वीसपर्यंत जेमतेम हलतं, मीटरवर १३ दिसतात आणि आत किती उरलंय ते कळत नाही, त्यामुळे गेलेले-आलेले अँप मोजण्याशिवाय इलाज नाही.

बोट काठावर असतानाच इन्व्हर्टरच्या सॉकेटवर ७५० वॅटचा मिक्सर चालवून पाहिला. बॅटरी टर्मिनल आणि इन्व्हर्टर टर्मिनल यांत फरक पाव व्होल्टच्या आत, आणि एकही लग कोमट झाला नाही. फार समाधान वाटलं.

राहिलंय ते २३० व्होल्टचं काम. ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणलीय, पण इन्व्हर्टरच्या आउटपुटला न्यूट्रल-अर्थ बाँड (न्यूट्रल आणि अर्थ यांची जोडणी) नसेल तर ती ट्रिप होईलच असं नाही, आणि प्रत्येक इन्व्हर्टरला बाहेरून बाँड करता येत नाही. कंपनीकडून लेखी उत्तर मागवलंय. ते येईपर्यंत केबिनमधले सॉकेट बंद, दिवे आणि पंखे १२ व्होल्टवरच.