तुम्ही विचारलंत म्हणून: ह्यूगो सांचेझ कोच म्हणून फेल गेला का?

कोल्हापुरात सकाळी मी पोरांना फुटबॉल शिकवतो आणि मोबाईलवर त्यांना सारखे ह्यूगो सांचेझचे गोल दाखवत असतो, त्यामुळे पोरांचे पालक, जुने मित्र, सगळेच कधी ना कधी विचारतात की अहो एवढा भारी मेक्सिकन स्ट्रायकर, मग कोच म्हणून कसा काय फेल गेला? फेल नाही गेला. पण ते सांगायचं तर आधी त्याचा खेळ सांगायला लागतो.

1989-90 चा सीझन घ्या. रिअल माद्रिदने स्पॅनिश लीगमध्ये 107 गोल मारले, त्यातले 38 एकट्या ह्यूगोचे, आणि ते सगळेच्या सगळे वन टच! बॉल आला की थांबवायचा नाही, सेट करायचा नाही, आला तसा मारायचा, पायाने नाहीतर डोक्याने. तेल्मो सारा या जुन्या स्पॅनिश स्ट्रायकरचा एका सीझनमधल्या 38 गोलचा, 1950-51 पासूनचा रेकॉर्ड त्याने गाठला तो असा. माझ्याकडची पोरं काय करतात, बॉल आला की आधी तळव्याखाली दाबतात, मग मान वर करून गोलकीपर शोधतात, तोवर डिफेंडर अंगावर आलेला असतो. ह्यूगोने कीपर कुठंय, मोकळी जागा कुठंय हे बॉल यायच्या आधीच बघून ठेवलेलं असायचं. मी पोरांना व्हिडिओ दाखवतो तो यासाठी, उलट्या उडीसाठी नाही. (ती उडी पण बघा म्हणा, गोल झाला की तो हवेत कोलांटी मारायचा, त्याची बहीण जिम्नॅस्ट होती, 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकला गेलेली, आणि ह्यूगो पण त्याच ऑलिंपिकला मेक्सिकोकडून फुटबॉल खेळला.)

आणि तो लोग्रोन्येस क्लबविरुद्धचा गोल, 10 एप्रिल 1988. डावीकडून क्रॉस आला तो त्याच्या थोडा मागे पडला, दुसरा कुणी असता तर सोडून दिला असता, हा गोलकडे पाठ करून उडाला, अख्खं अंग आडवं हवेत, आणि डाव्या पायाने बॉल वरच्या कोपऱ्यात. बर्नाबेऊमधल्या, म्हणजे रिअलच्या स्टेडियममधल्या लोकांनी दाद म्हणून पांढरे रुमाल हलवले. मी आजही तो बघताना क्रॉस आल्याबरोबर श्वास धरतो.

पाच वेळा लीगचा टॉप स्कोअरर, पहिल्यांदा माद्रिदच्याच दुसऱ्या क्लबकडून, अॅटलेटिकोकडून, आणि पुढे चार वेळा रिअलकडून, सलग पाच लीग टायटल. त्यात माणूस शिकलेला, मेक्सिको सिटीच्या युनिव्हर्सिटीतून डेंटिस्ट झालेला.

वर्ल्ड कपला मात्र नशीब नाही. तीन वर्ल्ड कप खेळून एकच गोल, 1986 ला बेल्जियमविरुद्ध. तो वर्ल्ड कप आम्ही दूरदर्शनवर रात्र रात्र जागून बघितलेला. त्यातच पॅराग्वेविरुद्ध शेवटी शेवटी त्याची पेनल्टी कीपरने अडवली आणि मॅच 1-1 सुटली. 1990 ला तो एकदम फॉर्मात, पण मेक्सिकोने ज्युनिअर टीममध्ये जास्त वयाची पोरं खेळवल्यामुळे फिफाने देशावरच बंदी घातलेली. ज्या वर्षी 38 गोल मारले त्याच वर्षी! 1994 ला बल्गेरियाविरुद्ध नॉकआऊट मॅच पेनल्टीपर्यंत गेली आणि कोचने त्याला बेंचवरून उठवलंच नाही.

आता कोचिंग. पुमास म्हणजे त्याच युनिव्हर्सिटीचा क्लब, तो खेळायला लागला तिथला. 2004 मध्ये कोच म्हणून त्याने पुमासला वर्षातल्या दोन्ही स्पर्धा जिंकून दिल्या, पहिली चिवासविरुद्ध पेनल्टीवर, दुसरी मोन्तेरेविरुद्ध. वर्षाला दोन छोट्या लीग सुरू झाल्यापासून लागोपाठ दोन टायटल कुणालाच जमली नव्हती. त्याच वर्षी बर्नाबेऊत जाऊन पुमासने रिअल माद्रिदला 1-0 हरवलं, मैत्रीपूर्ण मॅच होती, पण तरी. याला फेल म्हणायचं?

नॅशनल टीमचं वेगळं. आधीचे कोच ला व्होल्पे यांच्यावर तो उघड टीका करायचा, त्यामुळे 2006 मध्ये स्वतः आल्यावर लोक टपूनच बसलेले, आणि ती चूक त्याचीच होती असं मला वाटतं. 2007 च्या गोल्ड कप (उत्तर आणि मध्य अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा) फायनलला अमेरिकेकडून 2-1 हरले, पण लगेच कोपा अमेरिकात, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत, ब्राझीलला 2-0 हरवून तिसरे आले, हे कुणी लक्षात ठेवत नाही. लक्षात राहिलं ते मार्च 2008. ऑलिंपिकच्या क्वालिफायिंगला अंडर-23 टीम, कोच ह्यूगोच. शेवटच्या मॅचला हैतीविरुद्ध नुसतं जिंकून भागणार नव्हतं, गोलफरक भरून काढायचा होता. जिंकले 5-1, तरी कमी पडले आणि बाहेर. पोरांनी समोर गोल रिकामा असताना बॉल बाहेर घालवले, आणि बेंचवर कोण बसलंय, तर 38 च्या 38 गोल वन टच मारणारा माणूस. त्याच महिन्यात नोकरी गेली. पुढे स्पेनमध्ये अल्मेरिया, मग मेक्सिकोत पाचुका, या क्लबांचा कोच झाला, पण 2004 सारखं काही परत झालं नाही, ते मी मान्य करतो.

त्या 2004 च्या पुमासमध्ये हायमे लोझानो नावाचा मिडफिल्डर होता. पुढे तोच मेक्सिकोच्या ऑलिंपिक टीमचा कोच झाला, आणि टोकियोत जपानला 3-1 हरवून ब्रॉन्झ घेऊन आला.