भिशीची वही

लोणंदच्या पालखीतळावर आमच्या दिंडीची राहुटी शोधण्यातच पाऊण तास गेला. ट्रकचा नंबर बरोबर होता, ट्रक मात्र भलत्याच रांगेत. तात्यांनी मान वर केली, ‘आलास?’ म्हणाले आणि भिशीची, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाण्याच्या वर्गणीची, वही हातात दिली. चहा नंतर.

हे माझं सहावं वर्ष. लोणंद ते बरड एवढीच माझी वारी. पुढं रजा पुरत नाही. मी कॅथलिक. साताऱ्यात आमच्या गल्लीतले अण्णा या दिंडीचे विणेकरी. गुडघे गेले तेव्हा म्हणाले, माझ्या वाटचं कुणीतरी चाला रे. मी हो म्हणून बसलो. तेव्हापासून कोठीचा हिशेब माझ्याकडं. भिशी किती जमली, डाळ-तेल किती आलं, गॅस, टँकर, आचाऱ्याची उचल. दिंडीत मला नावानं कुणी हाक मारत नाही, ‘कारभारी’ म्हणतात. घरी बायकोही तेच म्हणते, पण तिच्या म्हणण्यात वीजबिल राहिलेलं असतं.

चालताना खिशात रोझरी असते. पुढं टाळ चाललेले, खाली माझं ‘नमो मरिये’. दोन्ही एकमेकांत अडकत नाहीत, पाऊल एकच पडतं. पहिल्या वर्षी डोक्यावर तुळस घेतलेल्या आजीनं खिशातला हात पाहिला आणि विचारलं, ‘तुमची माळ केवढी?’ म्हटलं, ५९ मण्यांची. ‘आमची १०८ ची. तुम्ही निम्म्यावरच भागवलंत की!’ अजूनही दरवर्षी विचारते, वाढली का म्हणून.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. अश्व गेल्याचं लोकांच्या ओरडण्यावरून कळलं; मला पुढच्या माणसाची छत्री दिसत होती.

तरडगावला रात्री झोप नाही. एक तर शेजारी घोरणारा, त्यात तात्या. दिवसातून दोनदा वही मागतात. बॅटरीच्या उजेडात बोट फिरवतात, ‘कोथिंबीर एवढी?’ म्हणतात. त्या रात्री डोकं फिरलं. मनात आलं, मी ख्रिस्ती म्हणून विचारतोय का हा माणूस? हा विचार घेऊनच पडलो. पहाटे काकड्याला उठलो तेव्हाही तो उशाशी होता. आचाऱ्याला सहज विचारलं तर तो हसायला लागला. ‘स्वतःच्या पोराकडनं वही काढून घेतली तात्यांनी. तीन रुपयं जुळंनात म्हणून.’

त्या दिवशी तरडगाव ते फलटण, वीसेक किलोमीटर. ऊन असं की आषाढ आहे की चैत्र कळेना. नवीन चपला घालून वारीला येऊ नये हे मी इतरांना सांगतो. निंभोऱ्याच्या पुढं उजव्या टाचेचा फोड एवढा वाढला की पाय वाकडा टाकायला लागलो, मग दुसरी पोटरी धरली. दिंडी पुढं गेली. विण्याचा आवाज आधी गेला, मग पखवाज, शेवटी झेंडे. रस्त्याकडेला एका लिंबाखाली बसलो. मागून येणाऱ्या दिंड्या ‘माउली, माउली’ करत जात होत्या आणि मला त्या शब्दाचाही वैताग आला होता. पाणी वाटणाऱ्या पोरानं तिसऱ्यांदा ‘घ्या माउली’ म्हटलं तेव्हा मी त्याच्यावर खेकसलो. तो बाटली ठेवून गेला.

शेजारी एक बाई बसली होती. साठीची, परभणीकडची. तिनं टाच पाहिली, कनवटीची सुई काढली, दोरा ओवला. ‘आण पाय.’ मी म्हटलं, राहू द्या मावशी. ‘कामून लाजतूस?’ म्हणत तिनं पाय ओढून मांडीवर घेतला. चिखल, डांबर, घाम, सगळं तिच्या लुगड्याला. फोडातून सुई आरपार काढली, दोऱ्याची दोन्ही टोकं बाहेर ठेवली. ‘पानी झिरपून जाईल. कातडं सोलू नको.’

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूनं शिष्यांचे धुतले तसे. एका वर्षी त्या बारांत मी होतो. त्या संध्याकाळी घरून निघण्याआधी मी पाय साबणानं दोनदा घासले होते, नखं कापली होती. फादरांच्या वाट्याला धुण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं.

बाईला पन्नासची नोट द्यावी म्हणून कमरेच्या पाकिटात हात घातला. ती नको म्हणाली, हसली, बोचकं उचलून गेली. माझा हात तिथंच राहिला. माझं पाकीट ट्रकमधल्या पिशवीत होतं. कमरेला होती ती दिंडीची भिशी. आणि मग आठवलं, सकाळपासून तीन चहा आणि एक वडापाव याच पाकिटातून झालेला. वहीत नव्हता.

वडील पाचगणीत एका बोर्डिंगच्या शाळेत कोठीवर होते. साखर, तांदूळ मोजून द्यायचे. घरी चहा गुळाचा. कोठीतली साखर ते मुठीनंसुद्धा आणत नाहीत याचा मला लहानपणी राग यायचा. मला तो भित्रेपणा वाटायचा. लूकच्या शुभवर्तमानातला विश्वासू कारभारी काय करतो? माणसांना वेळेवर शिधा देतो, एवढंच. ८ डिसेंबर २०२० ला पोप फ्रान्सिस यांनी येशूला वाढवणाऱ्या संत योसेफाचं वर्ष जाहीर केलं. त्या वर्षी पायी वारी नव्हती, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या. नंतर कधीतरी प्रवचनात फादर म्हणाले, चारही शुभवर्तमानांत योसेफाचा एक शब्द नाही, नुसती कामं आहेत. तेव्हा मला वडील आठवले होते. तेही बोलायचे नाहीत. पण त्यांच्या गप्प बसण्यात पावित्र्य वगैरे काही नव्हतं. ते चिडके होते, पाय दुखायचे म्हणून.

फलटणला विमानतळाच्या मैदानात तळ. समाजआरतीला चोपदारांनी चोप उंचावला आणि एवढ्या माणसांत एकदम शांत झालं. मग हरवलं-सापडलं पुकारायला लागले. घड्याळ, मोबाइल, एक चांदीचं कडं. सापडलेल्या वस्तू आणून देणारे कोण असतात ते मी मान उंच करून पाहत होतो. दिसले नाहीत.

विडणी, पिंपरद, बरड. दोरा टाचेत होताच. रविवारची मिस्सा साताऱ्यात गाठायची म्हणून दुपारीच निघालो. तात्यांना वही दिली, वर ४५ रुपये ठेवले आणि काय ते सांगितलं. त्यांनी चष्मा लावला. ‘कारभाऱ्यांकडून जमा ४५’ असं लिहिलं, तारीख टाकली, माझी सही घेतली. माउली म्हटलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. पान उलटून मागं गेले.

‘हे कोथिंबिरीचं खोडलंय कशाला?’

म्हटलं, आधी चुकून मेथी लिहिली होती.

‘मग खोडल्यापाशी सही कर,’ म्हणाले, आणि पेन परत दिलं.